तिवराखालची शेतं

मंडळी, फेब्रुवारीत ऐरोलीची खाडी पाहून आले. भाच्याने फार दिवस धोशा लावला होता. "मावशी, तू आयुष्यभर त्याच पट्ट्यात शिकवलंस आणि अजून फ्लेमिंगो बघितले नाहीस?" बघितले नव्हते हे खरं. मी नोकरीला लागले त्या काळात ते इथे येतच नव्हते. शेवटी एका सकाळी भरतीची वेळ बघून आम्ही निघालो.

ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिवरांमधून लाकडी वाट काढली आहे, पुढे धक्का आहे आणि तिथून बोट सुटते. खाडीत शिरलं की दोन्ही काठांना हिरवी भिंत आणि तिच्यामागे गगनचुंबी इमारती, असं दृश्य दिसतं. रोहित पक्षी भरपूर होते. लांबून गुलाबी रेघ दिसली आणि बोटीतले सगळे एकदम उभे राहायला लागले, तेव्हा नावाड्याने दटावून खाली बसवलं. फोटो भाच्याने काढले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांना तो पाठवील.

मी मात्र पक्ष्यांपेक्षा झाडांकडेच जास्त बघत होते. बोटीत एक सात-आठ वर्षांची चुणचुणीत मुलगी होती. तिने वडिलांना विचारलं, "बाबा, हे जंगल किती जुनं आहे?" वडील म्हणाले, "हजारो वर्षांचं असेल." मी गप्प बसले. लोकांच्या सहलीत मास्तरकी करू नये हे निवृत्त झाल्यावर शिकले आहे. पण तो प्रश्न घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून आज हे लिहायला बसले.

तिवराची जात फार जुनी आहे, यात शंका नाही. सिकंदराचं आरमार इ.स.पूर्व ३२५ च्या सुमारास सिंधूच्या मुखाहून इराणच्या आखाताकडे गेलं, तेव्हा समुद्राच्या पाण्यात उभी असलेली झाडं पाहून ग्रीक चकित झाले होते. थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात त्या झाडांची नोंद केली. आपल्याकडे तर प्रत्येक झाडाला वेगळं नाव आहे. तिवर, चिपी, कांदळ, काजळा, किरकिरी, हुरा, काटेरी पानांची मरांडी. 'खारफुटी' आणि 'कांदळवन' हे शब्द पुस्तकांतून आणि सरकारी कागदांतून सगळीकडे गेले. आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी 'तिवरं' एवढाच शब्द होता आणि ठाण्याच्या खाडीत तो बरोबरही आहे, कारण इथे तिवरच बहुसंख्य आहे. पान तोडून जिभेला लावलं तर खारट लागतं. झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलात हवा नसते, म्हणून जमिनीतून पेन्सिलीसारखी मुळं वर काढून श्वास घेतं. बी फांदीवर असतानाच आत अंकुर धरतं आणि ओहोटीला चिखलात पडलं की दोन-चार दिवसांत रुजतं. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

जात जुनी असली तरी ऐरोलीचं हे जंगल त्या मुलीच्या वडिलांना वाटलं तेवढं जुनं नाही. त्याचा बराच भाग माझ्या नोकरीपेक्षाही तरुण आहे. आणि त्यातल्या पुष्कळ झाडांच्या मुळांखाली माणसांनी पिढ्यान् पिढ्या राबून केलेली भातशेतं आणि मिठागरं आहेत.

आता जरा मागे जाऊ. भरतीचं पाणी जिथे येऊन जातं त्या दलदलीच्या जमिनीला आपल्याकडे 'खाजण' म्हणतात. खाजणात पीक नाही म्हणजे सारा नाही, आणि सारा नाही म्हणजे सरकारदरबारी तिची किंमत नाही. त्यामुळे राज्य कुणाचंही असो, धोरण एकच होतं. जो कोणी खाजणाला बांध घालून ती जमीन लागवडीखाली आणील, त्याला कौल द्यायचा, पहिली काही वर्षं साऱ्यात सूट द्यायची आणि मग हळूहळू आकार वाढवत न्यायचा. साष्टी पोर्तुगिजांकडे होती, १७३७ ला चिमाजीअप्पांनी ती घेतली, १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. वर झेंडे बदलले, खाली चिखलात बांध घालणारे हात तेच राहिले. कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेली ठाणे (१८८२) आणि कुलाबा (१८८३) जिल्ह्यांची गॅझेटियर चाळली तर खाऱ्या जमिनीचे प्रकार, तिची वहिवाट आणि तिच्यावरचा आकार यांची सविस्तर माहिती मिळते. तिवराचं नाव आलंच तर जळणाच्या किंवा गुरांच्या चाऱ्याच्या निमित्ताने.

बांध घालणं म्हणजे काय हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. १९७० च्या दशकात मी कळवा-ऐरोली पट्ट्यातल्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवायला लागले. वर्गात निम्म्याहून अधिक मुलं आगरी आणि कोळी घरांतली. भूगोलाच्या पुस्तकात खाडीकाठच्या जमिनीवर जेमतेम एक ओळ होती. ती वाचून मी पुढे जाणार, एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, तसं नसतं." म्हटलं, "मग कसं असतं ते फळ्यावर काढून दाखव." त्याने पंधरा मिनिटांत जे काढलं ते मी पुढे प्रत्येक तुकडीला काढून दाखवत आले.

समुद्राच्या बाजूला मोठा बांध, त्याला बाहेरकाठा म्हणायचं. आत शेतांचे लहान बांध. बाहेरकाठा चिखलाच्या ढेकळांचा, त्यात पेंढा दाबलेला, जिथे पाण्याचा मार जास्त तिथे दगड. हे काम पावसाळा संपून चिखल घट्ट झाल्यावर करायचं. बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी असते, म्हणजे पाणी बाहेर सोडायची मोरी. तिला लाकडी झापड असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झापड आपोआप बंद होतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर जातं. ना वीज, ना यंत्र! शेत तयार झालं तरी लगेच पीक नाही. काही पावसाळे नुसतं मीठ धुऊन जाऊ द्यायचं. मग राता भाताचं लाल बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकायचं. या पद्धतीला रहू म्हणतात. खारट जमिनीत रोपं काढून लावणी करण्यापेक्षा हे सोपं पडतं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने नंतर अशाच स्थानिक रात्यांमधून निवड करून 'काळा राता'सारखी वाणं पुढे आणली.

आणि बांध कधी फुटतो? भरपावसात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, तेही बहुधा रात्री. बांधाला खांड पडली की सगळा गाव टोपल्या घेऊन धावायचा. खांड एका भरती-ओहोटीत बुजवली नाही तर दुसऱ्या भरतीला ती दुप्पट होते आणि एकदा खारं पाणी शेतावर पसरलं की त्या वर्षीचंच नव्हे, पुढच्या दोन-तीन वर्षांचंही पीक गेलं. उधाणाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं पेंगायची आणि आम्ही नवे शिक्षक त्यांना आळशी म्हणायचो. एका जुन्या सहशिक्षकांनी आम्हाला बाजूला घेऊन कारण सांगितलं, तेव्हापासून त्या दिवशी पाठांतर घ्यायचं नाही असा आमच्या शिक्षकखोलीचा अलिखित नियम झाला.

एवढ्या कष्टाने केलेली जमीन त्या कष्टकऱ्यांचीच होती का, तर बहुतेक ठिकाणी नव्हती. कुलाबा जिल्ह्यात (म्हणजे आजच्या रायगडात) खाऱ्या जमिनीवर शिलोत्री नावाची वहिवाट होती. शिलोत्रीदाराने बाहेरचा बांध राखायचा आणि त्याबद्दल कुळांनी सरकारी आकाराशिवाय त्याला बिघ्यामागे ठरावीक भात द्यायचं. त्याला शिलोत्री मण म्हणत. शिवाय खोत आणि सावकार होतेच. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांविरुद्ध संप केला, शेतं कसलीच नाहीत, त्याची भूमी हा खारेपाटच. डॉ. आंबेडकरांनी या संपाला पाठिंबा दिला होता. पाठ्यपुस्तकात हा संप असला तर दोन ओळींत असतो. मी मुलांना तो पुरा तास सांगायचे, कारण त्यात सांगण्यासारखी गोष्ट होती: समुद्राला हटवणारा माणूस खोताला हटवू शकत नव्हता.

पुढे कूळकायदा आला. जमीन कसणाऱ्याच्या नावावर होऊ लागली आणि ते योग्यच झालं. पण जुन्या मालकाने हात झटकल्यावर बाहेरकाठा राखायचा कुणी, हा प्रश्न उभा राहिला. आपल्या शेतापुरता आतला बांध जो तो बघेल, मैलभर लांबीचा बाहेरकाठा एकट्या-दुकट्याच्या आवाक्यातला नाही. म्हणून १९४८ चा खारजमीन कायदा झाला, पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा. बांधाची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. आता खांड पडली की टोपल्या घेऊन धावण्याऐवजी अर्ज करायचा आणि अर्जाला भरतीची वेळ कळत नाही. असो.

मिठाची गोष्ट थोडी वेगळी आहे. शेतासाठी खारं पाणी बाहेर ठेवायचं, मिठागरासाठी ते मोजून आत घ्यायचं. आगर म्हणजे मिठागर आणि त्यावरून 'आगरी', अशी या समाजाच्या नावाची उत्पत्ती सर्वसाधारणपणे सांगतात. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, वडाळा, पलीकडे उरण-पेण, सगळीकडे पांढरे ढीग दिसायचे. जुन्या ठाणेकरांना चेंदणी-कोपरीकडचा मीठबंदर रस्ता माहीत आहे. मीठ नाही, बंदर नाही, नाव तेवढं आहे! मिठावर इंग्रजांचा कर होता, १८९० चा मुंबई मीठ कायदा होता, मिठागरांवर पहारे होते. १९३० च्या सत्याग्रहात वडाळ्याच्या मिठागरावर लोकांचे जथेच्या जथे चालून गेले, लाठ्या खाल्ल्या. स्वातंत्र्यानंतर मिठागरांच्या जमिनींवर केंद्र सरकारच्या मीठ आयुक्तांचं नाव राहिलं. तेव्हा ती किरकोळ बाब वाटली असेल. आज मुंबईत जमिनीचा भाव बघता ती मुळीच किरकोळ नाही.

आता शहराकडे येऊ. मुंबई हे शहरच भरतीचं पाणी अडवून झालेलं. वरळीची खिंड बुजवणारा हॉर्नबीचा बांध, शीवचा रस्ता, माहीमचा रस्ता, कुलाब्याचा रस्ता, एकेक करत खाजणाचे पट्टे बुजले. त्या शहराच्या दृष्टीने ठाण्याची खाडी म्हणजे परसदार. कचरा कुठे टाकायचा तर देवनारला, खाडीच्या काठी, १९२७ पासून. कारखाने कुठे काढायचे तर १९६० च्या दशकात पलीकडच्या काठाला, ठाणे-बेलापूर पट्ट्यात. पूर्वी खाडीत बोईट, जिताडा, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या मिळत. आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई डोक्यावर पाटी घेऊन निवट्या विकायला यायची. कारखान्यांचं पाणी आणि शहराचं मैलापाणी खाडीत यायला लागलं तशी मासळी कमी होत गेली आणि एके वर्षी ती बाई येईनाशी झाली. कोळीवाडे अजून आहेत. त्यांच्यातली तरुण मुलं आता दुसऱ्या कामांकडे वळली आहेत. आमचा नावाडीही त्यांतलाच. त्याने सांगितलं की त्याचे आजोबा याच पाण्यात डोल लावायचे आणि आता तो पाहुण्यांना पक्षी दाखवतो.

मग १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. मी नोकरीला लागले तेव्हा घराघरात हाच एक विषय होता. भातशेती गेली, मिठागरं गेली. मोबदल्यावरून वर्षानुवर्षं झगडा चालला. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळ जासई आणि दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. हा इतिहास पुष्कळांना माहीत आहे. त्याचा तिवरांशी काय संबंध, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

संबंध असा. जमीन ताब्यात गेली म्हणजे लगेच तिच्यावर इमारत उभी राहिली असं नाही. कित्येक ठिकाणी ती वर्षानुवर्षं नुसती पडून राहिली. शेतकऱ्याने ती कसायची नाही, म्हणून बाहेरकाठ्याकडे बघायचं कुणी नाही. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात खांड पडली, कुणी बुजवली नाही. उघाडीचं झापड कुजून गळून पडलं. भरती मोकळेपणी आत शिरली. आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं ते अंकुरलेलं बी पाण्याबरोबर तरंगत आलं, जुन्या वाफ्यांमधल्या मऊ चिखलात बसलं आणि रुजलं. पाच-सात वर्षांत डोक्याएवढी झाडी. त्यातच पूल झाले, भराव झाले, खाडी गाळाने उथळ होत गेली. वाशीचा पहिला पूल १९७० च्या दशकातला, दुसरा १९९० च्या दशकातला, ऐरोलीचाही त्याच दशकाच्या शेवटचा. जिथे गाळ वर आला तिथे तिवर पुढे सरकलं. उरलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर शेवाळ माजलं. १९९० च्या दशकात ते खायला रोहित पक्षी येऊ लागले आणि पुढे त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. आपल्या मैलापाण्याने ते शेवाळ पोसलं असं अभ्यासक सांगतात. म्हणजे माशांना जे मारक ठरलं तेच रोहितांना पथ्यावर पडलं! निसर्गाचा हिशेब आपल्या वहीत बसत नाही म्हणतात ते असं.

सगळीकडे असंच झालं असं मात्र नाही. समोरच्या काठावर विक्रोळीला पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ मध्ये लिलावात मोठी जमीन घेतली. तिच्यातलं तिवरांचं जंगल त्या घराण्याने राखलं आणि आज मुंबईतलं सर्वांत चांगलं राखलेलं कांदळवन म्हणून लोक तिकडे बोट दाखवतात. ते खरोखर जुनं आहे. एकाच खाडीच्या दोन काठांवर दोन तऱ्हेची जंगलं: एक मालकाने राखलं म्हणून उरलेलं, दुसरं मालकाच्या हातून जमीन सुटली म्हणून उगवलेलं.

कायद्याची कथा त्या मानाने ताजी आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खारफुटीला सर्वांत संवेदनशील वर्गात टाकलं, पण ते कागदावर. डंपर रात्री येऊन राडारोडा टाकून जायचे आणि सकाळी तिथे झोपडी किंवा गॅरेज उभं असायचं. २००४ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था उच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षाच्या शेवटी त्सुनामी आली आणि तमिळनाडूत पिचावरमच्या खारफुटीने मागची गावं कशी सावरली त्याच्या बातम्या आपण वाचल्या. मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मिठीचं मुख आणि माहीमच्या खाडीकाठचं तिवर बुजवून आपण काय केलं होतं, ते त्या रात्री कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लाखो लोकांना कळलं. ६ ऑक्टोबर २००५ ला न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली, तिच्यापासून पन्नास मीटरच्या आत बांधकाम नको म्हणून सांगितलं आणि सरकारी जमिनीवरची खारफुटी संरक्षित वन म्हणून जाहीर करायला लावलं. २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०१५ मध्ये ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या, मुख्यतः पश्चिम काठाच्या, सुमारे १६.९ चौरस किलोमीटरला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हा दर्जा मिळाला. २०१८ मध्ये अंतिम निकाल आला आणि न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. २०२० मध्ये पांढरी चिपी राज्याचं कांदळवृक्ष झाली, २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली.

दीडशे वर्षांपूर्वी ज्या झाडाला तोडून बांध घातला तर सरकार साऱ्यात सूट द्यायचं, तेच झाड तोडलं तर आज सरकार खटला भरतं. एवढा मोठा उलटा फेर माझ्या पाहण्यात दुसऱ्या कुठल्या जमिनीच्या बाबतीत झालेला नाही. मी या बंदीच्या पूर्ण बाजूने आहे. २००५ चं पाणी ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं पटवावं लागत नाही.

पण या फेराचा भार कुणावर पडतो, हेही बघायला हवं. अलिबाग-पेणच्या खारेपाटात आजही बाहेरकाठे फुटतात. दुरुस्ती वेळेवर होत नाही. शेतात खारं पाणी राहतं, चार-सहा वर्षांत तिवर उगवतं. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, जागेवर मात्र कायद्याने राखलेलं जंगल. ते त्याला तोडता येत नाही आणि जमीन पुन्हा पिकाखाली आणता येत नाही. यात त्याचा काय दोष? उलट मोठ्या प्रकल्पांना न्यायालयाकडून रीतसर परवानगी मागायची वाट आहे आणि त्यांना ती मिळतेही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार खारफुटींची झाडं तोडायला २०२२ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. २०२४ मध्ये केंद्राने कांजूर, भांडुप, मुलुंडकडची मिळून सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घरबांधणीसाठी राज्याला द्यायला मंजुरी दिली. वकील ठेवण्याची ऐपत असलेल्याला वाट सापडते, उघाडीचं झापड बदलून मागणाऱ्याला सापडत नाही. खांड बुजवणं हे खारफुटीच्या विरोधातलं काम नाही, एवढी साधी गोष्ट धोरणात यायला हवी असं मला वाटतं. गोव्याच्या खाजणांत तर बांधाबाहेरची झाडी मुद्दाम राखत, लाटांचा मार तिने झेलावा म्हणून. बांध आणि तिवर एकमेकांना धरून शेकडो वर्षं नांदली, ती काही कुठल्या अधिसूचनेने नाही.

दुसरी एक गोष्ट मला लागून राहिली आहे. नावाड्याला मी विचारलं, इथे शेतं होती तेव्हा बांधांना नावं असतील ना? तो हसला, म्हणाला, आजोबांना सगळी तोंडपाठ होती, वडिलांना थोडी, मला एकही नाही. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने फळ्यावर चित्र काढलं तेव्हा प्रत्येक उघाडीखाली तिचं नाव लिहिलं होतं. कुणाच्या आजीच्या नावाची, कुणी बुडून मेला त्याच्या नावाची, एक तर चक्क भांडणाच्या नावाची. तास संपला आणि मी फळा पुसला, रोज पुसायचा तसा. नकाशावर आता खार, खारदांडा, खारघर, खारकोपर, खारेगाव अशी स्टेशनांची आणि वस्त्यांची मोठी नावं उरली आहेत. लहान नावं सातबाऱ्यावरही सापडत नाहीत, कारण बांधाला सर्व्हे नंबर नसतो.

म्हणून एक विनंती. आपल्या गोतावळ्यात पेण, उरण, पनवेल, अलिबागकडची सासर-माहेरं पुष्कळ आहेत. घरात कुणी पंचाहत्तरीच्या पुढचं असेल तर जवळ बसून विचारा, आपल्या गावच्या बाहेरकाठ्याला काय म्हणायचे, उघाड्या किती होत्या, त्यांची नावं काय, शेवटची खांड कोणत्या साली पडली. शुद्धलेखनाची काळजी करू नका, जसं ऐकाल तसं लिहा आणि मला पाठवा. मी गावाप्रमाणे वहीत उतरवून घेत आहे. आतापर्यंत तीन गावं झाली, त्यातल्या दोन ठिकाणी आता तिवर आहे.